तुम्ही वगळायला लावलेलं नाव

बाबा, बंदराच्या कंपनीने आपल्या गावातली पोरं निवडली तेव्हा माझं नाव तुम्ही वगळायला लावलं होतं, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आईही गेली. विचारायला कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो आहे. सांगणारा समोरच्या घरातला, माझा वर्गमित्र, तुमचा विद्यार्थी. तो त्या कंपनीत गेला आणि कमरेखाली निर्जीव होऊन परत आला. मी चंद्रपूरहून गावी आलो की दुपारी त्याच्याकडे बसतो. तो दारातल्या खाटेवर लोकांचे पंखे आणि मिक्सर उघडून बसलेला असतो. त्या दिवशी टीव्हीवर कंपनीची बातमी लागली होती. तिने आणखी एका देशातल्या बंदराचा कारभार हाती घेतला होता. उंच क्रेन, एकावर एक रचलेल्या रंगीत लोखंडी पेट्या, हार घातलेले लोक. त्याने पेचकस बाजूला ठेवला.

"वाढून राह्यली न बे आपली कंपनी," तो म्हणाला.

"तुही कंपनी. मले कुठी घेतलं होतं तिनं?"

हे आमचं जुनं, ठरलेलं बोलणं. यावर तो दर वेळी म्हणतो, तू लडखडला होता बे थप्पीवर. त्या दिवशी तसं म्हणाला नाही. टीव्हीकडे बघतच म्हणाला, "तुले घेतलंच असतं. गुरुजीनं काढलं."

"काहीही सांगतं."

"काहीई नाई. सायबानंच सांगतलं मले, तिकडं असताना. म्हणे तुमच्यात सगळ्यात साफ चालला तो गुरुजीचा पोरगा. पन बापानं हात जोडले. म्हणे याले सोडा." मग त्याने पेचकस परत उचलला. "चहा घेशीन?"

मी चहा घेतला. घरी आलो, तुमच्या फोटोसमोर बसलो, आणि मला तुमच्याशी काय बोलायचं ते सुचेना. चार दिवस झाले तरी सुचलेलं नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून मांडून बघतो.

आलापल्लीच्या रस्त्यावरचं आपलं गाव म्हणजे लाकूड डेपोचं गाव. जंगलातून सागाचे ओंडके ट्रकने यायचे, उतरायचे, आणि लिलावापर्यंत त्यांच्या थप्प्या लागायच्या, घराहून उंच. त्या रचणाऱ्या टोळीचा जमादार म्हणजे माझ्या मित्राचा बाप. दहावीनंतरच्या उन्हाळ्यात मीही तिथे जायला लागलो. तुम्हाला ते आवडलं नव्हतं, पण तुम्ही अडवलं नाहीत. पहिल्या दिवशी मी चपला घालून ओंडक्यावर पाय ठेवला आणि जमादार वरून ओरडला, "काढ ते! पायाले आंधळा करतं का?" टोळी हसली. चपलेतला पाय आंधळा असतो हे तिथे सगळे धरूनच चालायचे. ओंडका घरंगळण्याआधी किंचित हलतो आणि ते उघड्या तळव्याला आधी कळतं, डोळ्याला उशिरा. सागाची साल खरबरीत असते, तळवा तिला धरून राहतो. मी तो उन्हाळाभर गेलो, पुढच्याही उन्हाळ्यात गेलो. तापलेल्या लाकडावरून, खांद्यावर साखळी घेऊन, या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली न बघता जाता यायला लागलं. बाकी मी जे शिकलो ते पुस्तकातून. शरीराने नीट शिकलेली माझी ही एकच गोष्ट.

कंपनीचा साहेब पहिल्यांदा आला तो लाकूड घ्यायला, मुंबईच्या धक्क्याला लागणारं. थप्पीवरून चालणारी पोरं बघून तो लिलाव सोडून तिथेच उभा राहिला. पुढच्या खेपेला तो शाळेत आला, कारण गावाशी बोलायचं असेल तर गुरुजींशी बोला, असं त्याला ज्याने त्याने सांगितलं होतं. तुम्ही त्याला घरी जेवायला आणलंत. स्वयंपाकघर मला आत्ता दिसतं आहे. आईने लाखोळीच्या डाळीचं वरण, भात आणि झिंगे केले आहेत. तुम्ही दोघं पाटावर बसला आहात, मी वाढतो आहे. साहेब जेवता जेवता कंपनी समजावून सांगतो. त्याच्या मालकाच्या बापाच्या काळात कंपनी म्हणजे बोटीतून पोती उतरवणारी एक टोळी होती. आता पोत्यांचे दिवस संपत आले. सगळा माल लोखंडी पेटीत भरायचा, खोलीएवढी पेटी, आणि ती जशीच्या तशी क्रेनने बोटीवर ठेवायची. मुंबईत ते काम कंपनीने घेतलंच आहे. आता अरबांच्या एका बंदराचं मिळालं आहे. त्यानंतर आफ्रिका, त्यानंतर पूर्वेकडे कुठेतरी. तो ही नावं वरण मागावं तितक्या सहज घेत होता.

"बंदर बांधायला पैसा लागतो, तो त्यांच्याकडे आहे," साहेब म्हणाला. "चालवायला माणसं लागतात, गुरुजी. ती त्यांच्याकडे नाहीत. आम्ही बंदर नाही, माणसं घेऊन चाललोय तिकडे."

पेट्यांच्या उतरंडीवर चढायचं आणि त्या सळ्यांनी, आकड्यांनी एकमेकींना बांधायच्या, हे काम. शहरातला माणूस वर चढला की खाली बघतो, असं त्याचं म्हणणं. तुमचा घास हातात तसाच राहिला होता. तुम्ही विचारलंत, "पडतात का कोणी?" साहेबाने भात कालवला. "पडतात. कोणी कोणी पडतो. रस्त्याने चालताना नाही पडत?" आईने त्याला आणखी झिंगे वाढायला सांगितले.

जेवण झाल्यावर तुम्ही त्याला हात धुवायला मागच्या विहिरीकडे नेलंत. मी तांब्या घेऊन निघालो, तो तुम्ही माझ्या हातातून घेतलात आणि म्हणालात, तू राहा. मी खिडकीतून बघत होतो. त्याच्या हातावर पाणी घालून झालं, तांब्या रिकामा झाला, तरी तुम्ही दोघं तिथेच उभे. तुम्ही बोलत होतात आणि तो ऐकत होता. तुमची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे हात दिसत नव्हते. मग त्याने तुमच्या खांद्यावर हात ठेवला. आई भांडी गोळा करता करता म्हणाली, "तुयासाठी सांगून राह्यले वाटते." मलाही तेच वाटलं. आपल्या बापाने कधी कुणाकडे शब्द टाकला नाही आणि आज माझ्यासाठी टाकतो आहे. तुमच्यावर इतकी माया मला त्याआधी कधी दाटून आली नव्हती. त्यानंतरही आली नसावी.

त्याच संध्याकाळी तुम्ही विहारात सभा घेतलीत. वंदना झाली आणि तुम्ही उभे राहिलात. आपली माणसं पुढे बसली होती, मागे टोळीतली बाकीची घरं, काही गोंड बायका दाराशी. तुम्ही शाळेतल्यासारखं बोलला नाहीत, घरातल्यासारखं बोललात. "जंगल आता बंद होऊन राह्यलं," तुम्ही म्हणालात. "सरकार झाड तोडू देनार नाई. डेपो उद्या ओस पडन. मंग काय करान? दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवना कराले जान? आपल्याले गावाबाहेर काढलं होतं, आपन गावाबाहेरच बसून राह्यलो. आता जग बलावून राह्यलं तं जाचं." मला तुमचा अभिमान वाटत होता. अजूनही त्या भाषणातलं एकही वाक्य मला खोटं वाटत नाही. जंगल बंद झालंच. डेपोत आज बाभळी आहेत.

मग माझ्या मित्राची आई उभी राहिली. मी तिला मोठीमाय म्हणायचो. तिने पदर खोचला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचा बी जाते न, गुरुजी?"

"निवडला तं जाईन," तुम्ही म्हणालात. "नियम सगळ्यायले सारखा."

"मंग ठीक हाय जी. तुमी म्हणता म्हणून. नाई तं माह्या पोट्ट्याले मी नदीपल्याड बी जाऊ नाई देत."

सगळे हसले, तुम्हीही हसलात. विहिरीवरचं बोलणं तेव्हा होऊन गेलं होतं. मी त्या हसण्यापाशी चार दिवस अडकलो आहे. तुम्ही साहेबाकडे हात जोडलेत हे मी कदाचित पचवेन. मोठीमायकडे बघून तुम्ही हसलात, ते कुठे ठेवू?

निवड दुसऱ्या दिवशी डेपोत झाली. साहेब खुर्चीवर बसला होता, बाजूला तुम्ही आणि जमादार. एकेकाने थप्पीवर चढायचं, साखळी खांद्यावर घेऊन पलीकडे जायचं, आकडा अडकवायचा, परत यायचं. सगळे अनवाणी. साहेबाने विचारलं, "तिकडे बूट घालावे लागतील. नियम आहे. जमेल ना?" आणि तुम्ही, ज्यांनी आयुष्यात थप्पीवर पाय ठेवला नव्हता, मोठ्या अभिमानाने म्हणालात, "यायच्या पायाले बूट नाई लागत, सायेब." टोळीला ते फार आवडलं. कितीतरी दिवस एकमेकांना तेच ऐकवत होते. माझी पाळी आली. मी गेलो, आकडा अडकवला, परत आलो. उतरलो तेव्हा जमादाराने माझ्या पाठीवर थाप मारली. मग साहेबाने नावं वाचली. माझ्या मित्राचं पहिल्या काहींत आलं. माझं आलंच नाही.

घरी येताना तुम्ही पुढे, मी मागे. बंधाऱ्यापाशी तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "तुझा तोल कमी पडला. मधल्या ओंडक्यावर तू अडखळलास. मी पाहिलं." रागावताना तुम्ही नेहमी पुस्तकी बोलायचात, म्हणून मला तो राग वाटला. मी म्हणालो, मी नाही अडखळलो. तुम्ही म्हणालात, "जो पडतो त्याला कळत नाही. बघणाऱ्याला कळतं." आणि चालायला लागलात. बाबा, मी तो ओंडका शोधला. पुढचे कितीतरी दिवस मनातल्या मनात त्या थप्पीवरून चाललो आणि प्रत्येक ओंडक्यावर थांबून बघितलं. शेवटी मला तो सापडला. डावीकडून वाकलेला, साल सुटलेला एक ओंडका, त्यावर माझा पाय जरासा सरकला होता. आज कळतं की असा ओंडका तिथे नव्हता. तो तुम्ही मला दिलात आणि मी तो डोक्यात रचून घेतला.

ते निघाले तेव्हा गोंडपिपरीमार्गे जाणाऱ्या एसटीपर्यंत सगळं गाव आलं होतं. पुढे बल्लारशाहून गाडी. तुम्ही प्रत्येकाला एकेक लहान नकाशाचं पुस्तक दिलंत, चंद्रपूरहून मागवलेलं. मोठीमायने मला बाजूला घेतलं. तिचा पोरगा परदेशी चालला होता आणि ती माझी समजूत घालत होती. "नाराज नोको होऊ, बापू. पुढच्या खेपेले तुयाच नंबर लागन. गुरुजी हायेत न." तिने माझ्या हातात चण्याची पुडी दिली. तिच्या पोरासाठीच्या शिदोरीतली असावी. मित्र खिडकीतून ओरडला, "तुयासाठी एक पेटी आणतो बे! तिच्यात बसून अभ्यास कर!"

त्यानंतर शाळेतला जगाचा नकाशा बदलला. तुम्ही लाल शाईने त्या अरबी बंदरावर टिंब दिलंत आणि पोरांना सांगितलंत, इथे आपल्या गावची माणसं आहेत. पाचवीतली पोरं राजधान्या विसरायची, पण ते टिंब बरोबर दाखवायची. कंपनी दर दिवाळीला कॅलेंडर पाठवायची, बोटींची चित्रं असलेलं. ते तुम्ही वर्गात लावायचात. दुसरं बंदर मिळालं, तुम्ही दुसरं टिंब दिलंत. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तिसरं. साहेब म्हणाला होता तसंच सगळं होत गेलं. कोरपन्याकडे तेव्हा सिमेंटचे कारखाने उभे राहत होते आणि तिकडची माणसं त्याचं कौतुक सांगायची, तर आमच्या गावातला कोणीही म्हणायचा, ते काय सांगता, आमची कंपनी तीन देशांत हाय. आमची कंपनी. मी तेव्हा चंद्रपूरला मराठी घेऊन बीए करत होतो. सुट्टीत आलो की घराघरांत ते फोटो दाखवायचे, लोखंडी पेट्यांसमोर रांगेत उभी असलेली पोरं, डोळे बारीक करून. मी बघायचो आणि प्रत्येक फोटोत माझी जागा कुठे असती ते ठरवायचो. तुम्ही शेजारी बसून ते बघत होतात.

त्याच्या पडण्याबद्दल मी त्याच्याकडूनच ऐकलं आहे, खूपदा, आणि तो ते नेहमी हसवत सांगतो. "बूट देल्ले होते न. इतके जड, का पाय हाय का गोटा हाय ते समजे नाई. वर गेलो का काहाडून कमरेले बांधून ठेवो. आमी सगळेच. फिलिपिनो पोट्टे हासत. आमी म्हणो, हासा लेकहो, तुमचे पाय आंधळे हायेत." सुरुवातीला ते चाललं. मग एका सकाळी समुद्रावरून दमट हवा आली होती, पेट्यांच्या टपावर ओल आणि तेलाचा हात. तो रोजच्यासारखा खाली न बघता चालला. "पायानं सांगतलंच नाई काई," तो म्हणतो. "लाकडाले साल असते. लोखंडाले साल नाई. मले वाटलं सांगन. ते मुकाट्यानं सरकलं." दोन उतरंडींच्या मधल्या फटीत तो गेला. डेपोत इतकी वर्षं कोणी पडलं नव्हतं ते ज्या सवयीमुळे, त्याच सवयीने त्याला तिथे पाडलं. आणि त्या सवयीची शिफारस तुम्ही केली होती. कंपनीने तेवढंच धरून ठेवलं. बूट घातले नव्हते, नियम मोडला, आमची जबाबदारी नाही. साहेबाने दवाखान्यात त्याला ऐकवलं, तुमच्या गुरुजींनीच सांगितलं होतं ना, बूट लागत नाहीत म्हणून. माझ्याबद्दलही त्याने तेव्हाच सांगितलं असणार. माणूस अंथरुणावरून उठणार नाही हे ठरल्यावर लोक त्याच्याजवळ मोकळे होतात.

तो आला तेव्हा टोळीने त्याला बल्लारशाच्या स्टेशनवरून फळीवर घालून आणलं. तुम्ही दारात उभे होतात. मोठीमाय तुमच्यासमोर थांबली आणि आत गेली. ती त्यानंतर तुमच्याशी वाईट बोलली नाही, मला माहीत आहे. नुसती बोलली नाही. तुम्ही कंपनीशी बोलायला मुंबईला गेलात. परत आल्यावर पारावर सांगितलंत, "भेटलो. पाहतो म्हणाले." आईला वेगळं सांगितलंत, ते मी ऐकलं. कंपनी नव्या इमारतीत गेली होती. तुम्हाला खालच्या हॉलमध्ये बसवून ठेवलं. तिथल्या भिंतीवर भला मोठा नकाशा होता आणि त्यावर बंदरं दिव्यांनी दाखवली होती. साहेब लिफ्टमधून उतरला, तुम्हाला ओळखलं नाही, किंवा ओळखलं, आणि गाडीत बसून गेला. तेव्हा मला तुमची दया आली. फसवलेला माणूस म्हणून मी तुमच्याकडे बघितलं. फसलेल्यांच्या रांगेत मी तुम्हाला सगळ्यात पुढे उभं केलं होतं, मोठीमायच्याही पुढे.

पण शाळेतला नकाशा तुम्ही काढला नाहीत. वर्तमानपत्रात कंपनीला नवं बंदर मिळाल्याचं आलं की तुम्ही लाल शाईची बाटली उघडून टिंब देत होतात. मी एकदा चिडून विचारलं, अजून काऊन देता? तुम्ही टाक पुसत म्हणालात, "भूगोल आहे तो." मला वाटलं म्हातारपणाचा हट्ट आहे. रोज संध्याकाळी तुम्ही ते वर्तमानपत्र घेऊन समोर जात होतात आणि त्याच्या खाटेशी बसून त्याला वाचून दाखवत होतात, त्याला वाचता येत असूनही. गावाने त्याची तारीफ केली. तुमच्या तेराव्या, माफ करा, आपल्यात तेरावं नसतं, पुण्यानुमोदनाच्या दिवशी तेच बोलले सगळे. मीही बोललो. गुरुजींनी शब्द दिला आणि शेवटपर्यंत पाळला, असं मी माइकवर म्हणालो. समोर तो खाटेवर पडून ऐकत होता आणि त्याने मान डोलावली.

आणि मी तुमचा तोल नसलेला मुलगा म्हणून जगलो. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, फार काही वाईट झालं नाही. चंद्रपूरच्या कॉलेजात नोकरी झाली, संसार झाला. मात्र कॉलेजच्या वाचनालयात वरच्या फळीवरचं पुस्तक मी शिपायाकडून काढून घेतो. शिडीवर मी पाय ठेवत नाही. मुलीला सायकल शिकवायची होती तेव्हा मी बायकोला सांगितलं, तू शिकव, मला ते जमत नाही. कोणी विचारलं तर सांगतो, माझा तोल लहानपणापासून कमी आहे, वडिलांच्या लक्षात आलं होतं. एका माणसाला वाचवायला त्याच्याकडे असलेली एकच गोष्ट खोटी ठरवावी लागते का, बाबा? तुम्ही सरळ सांगितलं असतं, नको जाऊ, मला भीती वाटते, तर मी भांडलो असतो, रडलो असतो आणि थांबलो असतो. मग मोठीमायलाही कळलं असतं की गुरुजींना भीती वाटते. ते तुम्हाला नको होतं. गावाला धीट गुरुजी हवे होते, आणि घरात मुलगा हवा होता, आणि तुम्ही दोन्ही ठेवलंत.

त्या दिवशी चहा पिताना मी त्याला विचारलं, "मंग इतके वर्स काऊन नाई सांगतलं?"

"गुरुजी होते तवा त्यायची लाज वाटे. रोज पेपर वाचाले येत. का म्हणू?" त्याने पंख्याचं पातं फिरवून बघितलं. "मंग माय होती. तिले समजलं असतं तं तुमच्या दारात येऊन बसली असती. उठली नसती."

"अन माय गेल्यावर?"

"मंग तू होता. तू येनं बंद केलं असतं तं मी बोललो असतो कोनाशी? या मिक्सरशी?"

"त्यायले मालूम होतं का, तुले मालूम हाय ते?"

"ते मले नाई मालूम. एक डाव पेपर वाचता वाचता थांबले. म्हणे, तू मले काई इचारत काऊन नाई? मी म्हणलो, पुढचं वाचा न जी." तो हसला. "वाचलं मंग पुढचं."

"राग नाई आला तुले?"

"आला न. तिकडं दवाखान्यात. लय आला." त्याने पेच बसवला, पिळला. "मंग वाटलं, त्यायनं मले बी काढलं असतं तं बरं झालं असतं. पन मी काई त्यायचा पोट्टा नोहो न."

यात त्याने कडवटपणा आणला नाही. दुकानात एखादी वस्तू नाही हे सांगावं तसं सांगितलं. मी पत्र लिहायला बसलो तो या वाक्यामुळे, आणि इतकं लिहून या वाक्यापुढे मला जाता आलेलं नाही. तुमच्या वर्गात तो पहिल्या बाकावर बसायचा. तुम्ही त्याला बाळा म्हणायचात. मला कधी म्हणाला नाहीत, लोक म्हणतील आपल्या पोराचे लाड करतो म्हणून.

हे मी कुणाला दाखवणार नाही. त्यालाही नाही. तुमच्याकडे जायचा रस्ता तर नाहीच. मी तुम्हाला माफ केलं असं लिहून संपवता आलं असतं, पण ते खरं नाही. नाही केलं, हेही पूर्ण खरं नाही, आणि त्याचं कारण सांगण्यासारखं नाही, पण तुम्हाला सांगतो. "गुरुजीनं काढलं" असं तो म्हणाला, तेव्हा मला राग आला, धक्का बसला, ते सगळं नंतर. त्याआधी, एक क्षणभर, मला फार बरं वाटलं. मी त्याच्या खाटेसमोर स्टुलावर बसलो होतो, पाय लांब सोडून. ते मी हळूच मागे घेतले आणि स्टुलाखाली दडवले.